बोंड बाहेरून आत गेले होते

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. घरी नाही, सभेत तर नाहीच. माझी पत्रके वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की मी आडपडदा ठेवत नाही — मामलेदार असो की गावचा पाटील, जे दिसते ते लिहितो आणि खाली स्वतःचे नाव घालतो. मग हे एवढेच का राहिले? कारण यात दुसऱ्या कुणाला धारेवर धरून भागत नव्हते.

तुम्ही मित्र म्हणून वाचा, नाहीतर परके म्हणून. मी सांगणार आहे.

मी रावेरकडचा. घरी केळी, कपाशी. सातवीची फायनल पास झालो तेव्हा वडिलांच्या मनात मला तलाठी करायचे होते. मला मास्तर व्हायचे होते, आणि तेही ट्रेनिंगच्या दाखल्याचा मास्तर. बिनदाखल्याच्या मास्तराला स्कूल बोर्ड केव्हाही घरी पाठवते, आणि गावात त्याचे ऐकतो कोण? मला ऐकणारे हवे होते. म्हणून धुळ्याला ट्रेनिंगला गेलो. कॉलेजाचे नाव लिहीत नाही. जे झाले ते त्या भिंतींनी केले नाही.

दाखल्याला काय काय लागे? फायनल पास, बोर्डाची शिफारस, वर्तणूक चांगली असल्याचा शेरा, लेखी परीक्षा. हे सगळे पाठांतरावर निभते. खरी कसोटी पाठांची. कॉलेजाला जोडून मुलांची एक शाळा असे, तिथल्या वर्गावर आम्ही शिकवायचे. आणि सर्वांच्या शेवटी टीकापाठ. एकाने शिकवायचे, बाकीच्यांनी मागे बसून पाहायचे. मुले गेली की एकेकाने उठून त्याचे दोष सांगायचे. दोष सांगता आला नाही तर तुमचेच गुण कापले जात — डोळे उघडे ठेवले नाहीत म्हणून. समोर शाळा तपासणारे डिप्टीसाहेब बसलेले. लेखीत पहिले आलात तरी इथे पडलात की दाखला नाही.

म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. आदल्या दिवशी दोष वाटून घ्यायचे. "तू माझा फळा धर, मी तुझा आवाज धरतो." म्हणजे तू म्हणायचे, फळ्यावरची ओळ तिरपी गेली, मी म्हणायचे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही. असल्या दोषाने कुणी पडत नसे. एकजण तर म्हणे, "माझे धोतर धरा रे, बाकी पाठ चांगला होणार आहे."

मी या रीतीची भर वर्गात हजेरी घेई. मला दिसेल तेच बोलेन, असे सांगे. आणि तसे बोललोही — दोघातिघांना लागेलसे बोललो. त्यामुळे माझ्या शब्दाला वजन आले. हे वजन ध्यानात ठेवा.

झुलालभाऊ माझ्या खोलीतला. साक्रीकडचा, माझ्याहून मोठा, दोन लेकरांचा बाप. गावातच बिनदाखल्याचा मास्तर होता. बोर्डाने बजावले होते की दाखला आण, नाहीतर दुसरा माणूस येईल. म्हणून बायकोलेकरे भावाच्या पदरात टाकून आला होता. दिवसभर पुस्तकी मराठी बोलून जीभ आखडते म्हणे, आणि खोलीचे दार लागले की अहिराणी मोकळी सोडी. माझी पत्रके छापण्याआधी मी त्याला वाचून दाखवी. पाठाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "भाऊ, तू कोनलेच सोडत नही. पन मना फळाच धर."

मी हो म्हटले. शब्द दिला.

त्या शाळेत अस्पृश्यांची मुले पडवीत बसत. दारातून फळ्याचा जेवढा तुकडा दिसेल तेवढे त्यांचे शिक्षण. त्यावर मी नुकतेच एक पत्रक काढले होते, तिखट. वस्तुपाठाची वस्तू आतल्या मुलांच्या हातून फिरते, मग पुढे पडवीपर्यंत का जात नाही? मास्तर ती दारातून लांबूनच दाखवतो, ही शाळा आहे की गारुड्याचा खेळ? झुलालभाऊ म्हणाला, "तुना पत्रकमा लिखेल शे, ते मी करसू." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप मारायला काय लागते?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षणपद्धती शिकवणाऱ्या गुरुजींनी मला बोलावून घेतले. टेबलावर माझे पत्रक. ते रागावले नाहीत. "लिहिता झकास," म्हणाले. "पण बोर्डाला मास्तर हवेत, पत्रकवाले नकोत. तुमचा पाठ उद्या ना?"

एवढेच. याहून एक शब्द जास्त नाही.

झुलालभाऊचा पाठ कपाशीवर होता. त्याने पिशवीतून उमललेले बोंड काढले आणि फळ्याकडे न वळता सरळ दाराबाहेर गेला. पडवीतल्या पहिल्या मुलीच्या तळहातावर ते ठेवले. टोचते कुठे, मऊ कुठे, विचारले. बोंड पडवीत फिरले आणि मग उंबऱ्यावरून आत आले. आतल्या पहिल्या मुलाने हात मागे घेतला. बोंड खाली पडले. झुलालभाऊने ते उचलले, पडवीतल्या पोराच्याच हातात परत दिले आणि उभा राहिला. आतल्या त्या मुलाने डिप्टीसाहेबांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले — आणि घेतले. पुढे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले. वर्ग गप्प होता. जो तो बोटांनी सरकी चाचपत होता. असा पाठ मी पुन्हा पाहिला नाही. दिला तर नाहीच.

मुले गेली. डिप्टीसाहेबांचा चेहरा आखडलेला. गुरुजी म्हणाले, "टीका." कुणी उठेना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आमचे स्पष्टवक्ते काय म्हणतात?"

इथे लेखणी अडते — खोटे कशाला, मीच अडवतो आहे.

मी उठलो. म्हणालो, वर्गात गोंधळ झाला. वस्तू खाली पडली, क्रम मोडला, वेळ गेला. पाठ कपाशीचा होता. शिक्षकाने भलताच हेतू साधण्यासाठी मुलांना हाताशी धरले.

शेवटचे वाक्य फार सफाईने आले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. भीती होती, हे खरे. पण बोलताना मला बरे वाटत होते, हेही खरे — डिप्टीसाहेबांची मान हलत होती आणि मी तिच्याकडे पाहून पुढचा शब्द उचलत होतो. माझ्यानंतर बाकीचे उठले. सगळ्यांनी तेच म्हटले: गोंधळ, क्रम, गोंधळ. ज्याला फळा, आवाज, धोतर धरण्याची रीत मान्य नव्हती, तोच गोंधळ म्हणतो आहे, म्हणजे झालाच असणार. फळ्याचे नाव कुणी काढले नाही.

बाहेर आल्यावर झुलालभाऊ एवढेच म्हणाला, "फळा धरानं ठरेल व्हतं ना, भाऊ?"

मी म्हटले, मला दिसले ते मी बोललो.

हे दुसरे खोटे. पहिले निदान घाबरून बोललो होतो. हे कशासाठी?

तो पडला. बोर्डाने त्याला पुन्हा पाठवले नाही. गावी दुसरा मास्तर गेला. माझा पाठ त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, केळीवर. खुंट, पान, घड — सगळे फळ्याजवळ उभे राहून दाखवले. पडवीला दारातून. मी वरच्या वर्गात पास झालो.

दाखला खिशात पडल्यावर माझे धैर्य परत आले. शाळेतल्या पडव्या बंद करा म्हणून मी जळगावला सभा घेतली. बोलता बोलता सांगितले की ट्रेनिंगला असताना एका पाठात असे असे झाले. कुणीतरी विचारले, "तुमच्याच का?" मी नाही म्हटले नाही. पुढच्या गावी विचारायचे कारणच उरले नाही. मग तो पाठ छापला, माझ्या नावाने. त्यावर माणसे मला ओळखू लागली. बोंडवाले मास्तर म्हणू लागली. यात तुम्हीही असाल.

गेल्या महिन्यात दोंडाईच्याला बोललो. टाळ्या झाल्या. माणसे पांगली तसा मागून एकजण पुढे आला. सरकी काढायच्या जिनातून तसाच आलेला. टोपीवर, भुवयांवर कापसाचे तंतू. मी ओळखले नाही. हसला तेव्हा ओळखले.

"नक्कल करस तं नीट तं कर, भाऊ," झुलालभाऊ म्हणाला. "तू सांगस, बोंड आतून बाहेर गयं. ते बाहेरतून आत उनं व्हतं."

आणि "जिनाचा भोंगा व्हयी आता," असे म्हणत निघून गेला.

घरी येऊन ट्रेनिंगमधले ते जुने पत्रक काढले. मी तसेच लिहिले होते — आधी आत, मग उरले तर पडवीत. माझ्या मनात दुसरे येऊच शकले नव्हते. पडवीपासून सुरू करणे हे माझ्या पत्रकात कुठेही नव्हते. ते त्याचे होते. म्हणजे ज्याला मी पाडले, ज्याचा पाठ मी चोरला, त्याचा तो पाठ मला समजलाही नव्हता. आणि मी गावोगाव तो समजावून देत हिंडत होतो.

धुळ्याच्या ट्रेनिंगच्या विद्यार्थ्यांनी मला बोंडाच्या पाठावर बोलायला बोलावले आहे. त्यांच्यातही दोष वाटून घ्यायची रीत असणारच. मी जाणार आहे. त्याआधी हे पत्रक निघेल. लढाईने कागद मिळेनासा झाला आहे. पुडीचा मिळाला तर पुडीच्या कागदावर छापीन. ज्या ज्या गावी तो पाठ माझा म्हणून सांगितला, त्या त्या गावी हे वाटीन, स्वतःच्या हाताने. बोर्डाला एक प्रत जाईल. नोकरीचे जे व्हायचे ते होवो. ती ज्या दाखल्यावर उभी आहे तो कसा मिळाला हे वर लिहिले आहे.

झुलालभाऊचे आडनाव आणि गाव मी लिहिलेले नाही. त्याला पुन्हा माझ्या पत्रकात राबवायचे नाही.

पाठ त्याचा होता. बोंड बाहेरून आत गेले होते. एका मुलाने हात मागे घेतला, मग पुढे केला. वर्ग गप्प होता. गोंधळ झाला नव्हता.