बारीक कंबरेचा खड्डा

चामराजपेटेतल्या आमच्या घरात मोठं टेबल एकच, आणि ते आईचं. त्यावर ती गिऱ्हाइकांचे ब्लाउज बेतते. त्या शनिवारी दुपारी मात्र मी तिचे खडू, कात्री बाजूला सारून माझ्या ताऱ्याच्या आलेखाचा लांबलचक प्रिंट त्यावर पसरला होता. पाच वाजता सर आमचा पेपर जर्नलला पाठवणार होते. पाच वर्षांच्या पीएचडीत दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं, त्यामुळे सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं.

तारा म्हातारा, फुगलेला, लाल. अशा ताऱ्यात लिथियम जवळजवळ संपलेलं असतं, आणि तो फिरतोही सावकाश. माझा मात्र गरगरा फिरत होता आणि त्यात भरपूर लिथियम होतं. एखादा ग्रह गिळला असावा, असं आम्ही थाटात लिहून टाकलं होतं. ताऱ्याचा प्रकाश फोडून आलेख काढला की प्रत्येक मूलद्रव्याच्या जागी खड्डे दिसतात. लिथियमच्या खड्ड्याभोवती मी लाल पेनानं गोल केला होता.

आई कापड घेऊन आली आणि प्रिंटवर वाकली. "हे काय गं? बाकीचे सगळे रुंद, आणि हा एकटाच बारीक कंबरेचा?"

"आई, प्लीज. प्रत्येकाचं वेगळं असतं."

"असेल. मला आपलं वाटलं, हा दुसऱ्या कुणाच्या मापाचा."

मी खेकसले. तुला यातलं काय कळतं, तू तुझे हुक आणि काजं बघ, असं म्हणाले. ती मशीनवर जाऊन बसली.

मग मी पुन्हा प्रिंटवर वाकले, आणि चूक दिसली. तारा जोरात फिरतो तेव्हा त्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते, आणि त्यामुळे प्रत्येक खड्डा पसरतो. लोखंडाचा पसरला आणि लिथियमचा नाही, असं होतच नाही. हे मी ज्युनिअर मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. शहाणी मी! पेपरसाठी लिथियमचा तेवढाच तुकडा मोठा करून काढला होता, सरांनीही तोच पाहिला, आणि शेजारचे खड्डे जोडीला लावून बघायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

साडेतीन वाजले होते. दर निरीक्षणाबरोबर आम्ही एका फार तापलेल्या ताऱ्याचाही प्रकाश घेतो. त्यात असे बारीक खड्डे नसतात, म्हणून हवेचे आणि यंत्राचे डाग उघडे पडतात. लिथियमच्या आसपास हवेचा त्रास नसतो, तेव्हा तो भाग बघायचा मी कंटाळा केला होता. आता ती फाइल उघडायला हात धजेना. मशीनची खडखड थांबली होती, म्हणजे आई कान देऊन होती. शेवटी उघडली. त्याच जागी, तोच खड्डा. कॅमेऱ्याच्या चिपचा एक पट्टा बिघडलेला होता, बस. लिथियम-बिथियम काही नव्हतं.

तासभर मी नुसती बसून राहिले. गप्प बसावं असं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. हा तारा पुन्हा कोण बघणार होतं? पण कोणी बघितलाच तर, ही भीतीही होती. पाचला दहा मिनिटं असताना सरांना फोन लावला. आम्ही नेहमी कन्नडातच बोलतो. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "पेपर थांबवतो. तो खड्डा बारीक आहे हे लक्षात कुणाच्या आलं?"

आई दातात दोरा धरून दारात उभी होती.

"माझ्याच," मी म्हणाले.

"तू प्रामाणिक आहेस म्हणून वाचलो," सर म्हणाले.

फोन ठेवला. कन्नड आईला माझ्याइतकंच येतं. तिनं दोरा तोडला, सुई पदराला टोचली.

"सरी," ती म्हणाली, कन्नडात 'बरं' म्हणतात तसं. "आता टेबल मोकळं कर. सहाला ब्लाउजवाल्या बाई येतील."

मी प्रिंट गुंडाळला आणि तिचे खडू, कात्री होते तिथे ठेवले.