हिंगणीच्या लग्नाची सबटायटल्स

“अक्षरं नाई आली जी अजून,” इंदूबाई म्हणाल्या.

मी टीव्हीच्या मागे भिंतीला गाल लावून वायरी बघत होतो. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं, तसंच ते समोरच्या घरालाही आलं असणार. दहा-बारा वर्षांपूर्वी एका तापात इंदूबाईंचे कान गेले. कानातलं मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. आपला आवाज किती मोठा निघतो हे तेव्हापासून त्यांना कळत नाही. वाचायला मात्र पक्क्या. वर्तमानपत्र हातात आलं की पहिल्या पानापासून लिलावाच्या नोटिशीपर्यंत वाचून काढतात.

माझं सेलूला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पस्तीस वर्षं झाली. पूर्वी टीव्ही बंद पडला की आत काहीतरी जळालेलं असायचं आणि ते आधी नाकाला कळायचं. आता काही जळत नाही. आता सेटिंग चुकतं, आणि सेटिंगला वास नसतो.

हिंगणीच्या गजाननने आईसाठी नवा त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला होता. गजाननची वांगी-टोमॅटोची शेती आहे, माल सेलूच्या बाजारात येतो, त्यामुळे माझी ओळख. टीव्ही विकणाऱ्याने त्याला मेनूत ‘सबटायटल’ लिहिलेलं दाखवलं होतं. गजाननने घरी येऊन ते चालू केलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

“काका, ऑन त हाय. मंग काऊन दिसत नाई?”

“टीव्हीचं ऑन हाय. सेट-टॉप बॉक्सचं काय?”

“त्याचं बी वेगळं राह्यते?”

वेगळं असतं. टीव्हीच्या मेनूतलं सबटायटल हे टीव्ही स्वतः जे पकडतो त्याच्यापुरतं. आपल्याकडे पकडते छतावरची डिश. ते उलगडतो बॉक्स. एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीपर्यंत पोहोचतं ते तयार चित्र आणि आवाज. अक्षरं हवी असतील तर ती बॉक्सनेच चित्रावर काढून पाठवायला हवीत. बॉक्समध्ये तो पर्याय सापडला. चालू केला. तरी काही नाही, कारण इंदूबाई बघत होत्या ते चॅनेल मुळात अक्षरं पाठवतच नव्हतं. तोटी बदलून काय होणार, टाकीतच पाणी नव्हतं.

मग गजाननच्या मोबाइलचं नेट जोडून एका ॲपवर मराठी सिनेमा लावला. अक्षरं आली. इंग्रजी.

“हे मले येत नाई,” इंदूबाईंनी समोरच्या घरासह सगळ्यांना सांगितलं.

मराठी अक्षरं असलेला दुसरा सिनेमा शोधायला पाऊण तास गेला. अक्षरांचा आकार वाढवला, मागे काळी पट्टी दिली, म्हणजे पांढऱ्या कपड्यांवर ती हरवत नाहीत. सबटायटलचं बटण कुठलं, यादी कशी उघडते, वर-खाली कसं जायचं, हे इंदूबाईंना दाखवलं. त्यांनी तीनदा स्वतः करून पाहिलं. माझ्या लेखी काम संपलं होतं. मी पेचकस पिशवीत टाकला. तेवढ्यात त्या आत जाऊन एक पेन ड्राइव्ह घेऊन आल्या.

“भाऊ, याच्यात बी लावून द्या अक्षरं.”

पेन ड्राइव्हमध्ये नातीच्या, म्हणजे गजाननच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. त्यांच्याशी बोलायला घरात एक वही ठेवलेली असते, तिच्यात मी लिहिलं, ‘यात अक्षरं नाहीत. ऐकून कोणीतरी लिहावी लागतील.’

“मंग लिहा,” त्या म्हणाल्या.

“आई, काय करतं आता त्याचं? लगन त होऊन गेलं,” गजानन त्यांच्याकडे तोंड करून, ओठ सावकाश हलवत म्हणाला. घरच्यांच्या ओठांवरचं त्यांना थोडंफार कळतं.

“लगनात मांडव तीन खेपा हासला. पोट धरू धरू हासले सगळे. मी याले इचारलं, सुनेले इचारलं, पुतण्याले इचारलं, काऊन हासले म्हनून. सगळे म्हनते, काही नाई, मंग सांगतो. आठ महिने झाले भाऊ. माह्याच घरचं लगन, अन् मलेच मालूम नाई तिथं काय झालं ते.”

गजानन पडद्याकडे टक लावून होता. मला वाटलं, त्याला सिनेमा आवडला.

असली कामं मी घेत नाही. टीव्हीवाल्याने टीव्ही बघावा. पण आठ महिन्यांच्या त्या ‘मंग सांगतो’चा मलाच राग आला होता. मी हो म्हणालो.

सबटायटलची फाइल दिसायला अगदी गरीब असते. एक नंबर, त्याखाली कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत, त्याखाली मजकूर. मग पुढचा नंबर. साध्या नोटपॅडमध्ये होते. अडचण एवढीच की मी एका बोटाने टाइप करतो. म्हणून दुकानाशेजारच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या रेखाताईंकडे गेलो. त्यांची बोटं झरझर चालतात. अडीच तासांपैकी मंगलाष्टकांपासूनची पंचवीस मिनिटं करायची ठरली, कारण हसणं तेवढ्यातच होतं. मी इअरफोन लावून बोलायचं, त्यांनी टाइप करायचं. तीन दुपारी लागल्या.

पहिला प्रयोग मी दुकानातल्या टीव्हीवर केला. लग्न लावणारे महाराज ‘शुभमंगल’ म्हणत होते आणि खाली इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं धावत होती.

“आमच्या इथं त बराबर दिसून राह्यलं,” रेखाताई म्हणाल्या.

त्यांच्याकडे बरोबरच दिसणार. पत्रिकांसाठी जे जुने फॉन्ट वापरतात, त्यात कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. वरून फक्त मराठीचा मुखवटा. टीव्हीकडे तो मुखवटा नाही. हे मला सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणाऱ्या मराठीत बदलून घेतला. त्यात जोडाक्षरं मोडली, ती रेखाताईंनी हाताने जोडली. दुसऱ्या प्रयोगात मी फाइल चुकीच्या प्रकारात सेव्ह केली. आठही मंगलाष्टकं प्रश्नचिन्हांत आली. तिसऱ्यांदा मराठी आलं, पण टीव्हीतल्या प्लेअरला वेलांट्या कुठे लावायच्या ते माहीत नव्हतं. दुसरा प्लेअर टाकला. त्यात अक्षरं आवाजाच्या दोन सेकंद आधी येऊ लागली. म्हणजे इंदूबाई मांडवाच्या आधी हसल्या असत्या. ती दोन सेकंद उशिरा यायला लावली आणि यंत्राचा भाग संपला.

पण लिहिताना एक भानगड झाली होती, ती सांगायची राहिली.

पहिलं हसणं साधं होतं. नवरीच्या मामाने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. त्यात नवरीची पोळी गोल येईपर्यंत नवरदेवाने एखादी खानावळ बघून ठेवावी, असा सल्ला होता. मांडव हसला.

दुसऱ्या हसण्याचं कारण खुद्द इंदूबाई होत्या. पुढच्या अष्टकाच्या मध्येच त्या शेजारणीच्या कानात बोलल्या. निदान त्यांना तसं वाटलं. “या महाराजाचं कवा आटोपते वं? जेवणं थंडी होऊन राह्यली!” शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. महाराजसुद्धा हसले.

मग तिसरं. गजानन महाराजांच्या शेजारी उभा होता. समोर माइक, आणि माइक चालू. तो चुलतभावाला म्हणाला, “दिलीप, आईले मागं नेऊन बसव. तिले आयकू येत नाई अन् चूप बी राह्यत नाई. पाव्हण्यायपुढं नाक कापते माहं.” ते भोंग्यातून सगळ्यांना ऐकू गेलं. मांडव पुन्हा हसला. व्हिडिओत दिलीप येतो, इंदूबाईंना हात धरून उठवतो, आणि त्यासुद्धा हसत हसत मागे जातात, कारण सगळे हसत असतात.

मी इअरफोन काढून ठेवला.

“पुढं?” रेखाताईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी टाइप केलं आणि चहा ठेवायला उठल्या.

काम झाल्यावर गजानन दुकानात बघायला आला. त्या जागी आल्यावर त्याने व्हिडिओ थांबवला.

“काका, इथल्या ओळी काढून टाका. आईची बी अन् माही बी.”

“सगळ्या मांडवानं आयकल्या हाय त्या.”

“म्हनून त. तिनंच आयकल्या नाई.” तो स्टुलावर बसला. “त्या दिवशी डोकं ठिकान्यावर नव्हतं माहं. तोंडातून निंगून गेलं. तिले समजलं त ते जेवनार नाई.”

मी ओळी काढल्या. गिऱ्हाईक तो, लग्न त्याच्या घरचं, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण म्हणजे मला कटकट नको होती.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काढलेला पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणजे खरंच बदलला की नुसता पुसून बसवला, हा संशय राहत नाही. पस्तीस वर्षांत हाताला तेच वळण पडलेलं. मी नवी फाइल पेन ड्राइव्हवर टाकली आणि जुनी, सगळ्या ओळींची, तिच्याशेजारी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंगणीला जाऊन टीव्ही लावला. इंदूबाई पलंगावर ताठ बसल्या. मामाचं मंगलाष्टक वाचून इतक्या हसल्या की खोकला लागला. “असं म्हनला का तो? मोठा वाह्यात हाय!” आठ महिने राहिलेलं हसू त्यांनी एका दमात हसून घेतलं. मला बरं वाटलं.

मग पुढचं आलं. पडद्यावर मांडव हसत होता, खाली अक्षरं नव्हती. गजाननचे ओठ हलले, खाली अक्षरं नव्हती. मांडव पुन्हा हसला.

इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “इथं काऊन नाई?”

मी वहीत लिहिलं, ‘आवाज साफ नव्हता.’

त्यांनी ते वाचलं. वही बाजूला ठेवली. “तुमी बी त्याह्यच्यातलेच निंगाले भाऊ,” त्या म्हणाल्या. मला लाज वाटली. खोटं लिहिताना वाटली नव्हती, तेव्हा वाटली.

अक्षरं गेली की काय करायचं हे मीच शिकवलं होतं. त्यांनी रिमोट उचलला, सबटायटलचं बटण दाबलं. यादी उघडली. प्लेअर त्या पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली दाखवतो. वर ‘लग्न’ होतं. खाली, रेखाताईंनी काम झाल्याच्या आनंदात दिलेलं नाव, ‘लग्न पूर्ण’.

गजाननने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची चेन लावत बसलो.

इंदूबाईंनी खालचं निवडलं आणि व्हिडिओ मागे घेतला. स्वतःची ओळ वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. “बाई बाई! एवढ्या मोठ्यानं बोलली मी?” आणि मांडवाबरोबर त्याही हसल्या. मग गजाननची ओळ आली. त्यांनी पॉज दाबलं. ते वाक्य काळ्या पट्टीवर तसंच थांबलं. तीनदा वाचण्याइतका वेळ त्यांनी घेतला.

गजानन खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

“इकडं पाहून बोल. तोंड दिसत नाई मले.”

त्याने मान वर केली. “चुकलं आई.”

“मले आयकू येत नाई, हात लावला त समजते ना. खांद्याले हात लावून म्हनाचं, आई हळू बोल. बोलली असती मी हळू.” त्या थांबल्या. “मागून मले पोरगी दिसलीच नाई रे. सगळे उभे झाले होते. अक्षता मी कोनाच्या त बी पाठीवर टाकल्या.”

मग त्यांनी प्ले दाबलं आणि उरलेलं लग्न शेवटपर्यंत पाहिलं. गजानन त्यांच्याशेजारी पलंगावर जाऊन बसला. त्यांनी त्याला सरकून जागा दिली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी त्या जेवल्या की नाही, ते मी विचारलं नाही.

आठवड्याने गजाननचा फोन आला. राहिलेल्या व्हिडिओची अक्षरं हवी होती. “एक बी ओळ नका सोडू काका,” तो म्हणाला. रेखाताई आणि मी ते महिनाभरात पूर्ण केलं.

पुढे नातीच्या बाळाच्या बारशाचं मलाही बोलावणं होतं. बोललेलं लगेच लिहून दाखवणारी सोय मोबाइलमध्ये असते, ती आम्ही करून पाहिली. आमची वऱ्हाडी आणि मंडपातला भोंगा मिळून तिने जे लिहिलं ते लहान मुलांपुढे दाखवण्यासारखं नव्हतं. मग गजानन पहिल्या रांगेत आईला लागून बसला आणि वहीत एकेक गोष्ट लिहून देऊ लागला. सगळे हसून झाले की मिनिटभराने इंदूबाई एकट्याच हसायच्या. विधी सांगणारे महाराज तेवढा वेळ थांबत होते.

धंद्याच्या दृष्टीने यातून शिकण्यासारखं एकच. ओळी गाळायच्या असतील तर जुनी फाइल पेन ड्राइव्हवर ठेवू नये. मी अजून ठेवतो.