बाळारामकाकांची पाणसळ

ओवे गावातले बाळारामकाका सायकली दुरुस्त करत आणि कुणालाही माफ करत नसत. ज्यानं अपमान केला, त्याच्या सायकलची सीट ते अशी आवळत की तिचं नाक बोटभर वर राहावं. गिऱ्हाईक खूश होऊन जाई. काका पाना पुसत म्हणत, "जाऊं दे. रोडपाली येईपर्यंत माजी आठवन येईल त्याला."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती लंगडत. कामोठ्यातल्या आमच्या सायकल ग्रुपचा म्होरक्या नचिकेत. त्यानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, लेडीजना जाड, मऊ सीटच लागते." घेतली. गाढेश्वरकडच्या खडीच्या रस्त्यावर दोन तासांत मांड्या सोलवटल्या, खाली बधिर झालं आणि सायकल टेम्पोत टाकून परत यावं लागलं. या पठ्ठ्यानं टेम्पोतला माझा फोटो ग्रुपवर टाकला, 'मॅडमची शाही सवारी' म्हणून! सगळे खिदळले. तेव्हाच मी ठरवलं, त्याच रस्त्यावर, सगळ्यांदेखत याला मागे टाकायचं. त्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती.

काकांनी ऐकून घेतलं. मग वीटभट्टीची ओली माती भरलेलं खोकं पुढं सरकवलं, वर प्लास्टिक अंथरलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. "बस, बाय. मी बगत नाय."

मी उठले तेव्हा मातीत दोन खळगे उमटले होते. सुतळीनं त्यांच्यातलं अंतर मोजत काका म्हणाले, "मानूस या दोन हाडांवर बसतो. मऊ गादी नवरदेवाला. खडीवर हाडांना टेका पायजे, नायतर गादी मधी घुसते आनि सोलते." त्यांनी त्या मापाची रुंद, टणक, मधे खाच असलेली सीट बसवली आणि तिच्यावर गवंड्याची, बुडबुड्याची पाणसळ ठेवून नाक सपाट केलं.

दोन महिन्यांत मी चढावर नचिकेतला गाठू लागले. पण तो महाबिलंदर. मागे पडला की म्हणे, "आज सीटनं घात केला, नाहीतर मॅडम कुठल्या पुढे जातात!" ग्रुप मान डोलवायचा. माझा असा जळफळाट व्हायचा!

एकदा मी दुकानात असताना स्वारी स्वतःच तिथे हजर. कंबर धरून. याच माणसानं ग्रुपवर लिहिलं होतं, 'पंक्चरवाल्याला सीटमधलं काय कळतं?' ते मी काकांना तिखटमीठ लावून सांगितलंच होतं. आता काका त्याला मातीवर बसवत होते आणि मी मागून बोट वर करून खुणावत होते. वर! दोन बोटं वर! काकांनी त्याच्या मापाची सीट बसवली आणि शांतपणे पाणसळ ठेवली. नाक सपाट. तो धन्यवाद देत गेला आणि मी भडकले.

"काका, तुम्ही फितूर झालात!"

"येडी हायस. नाक वर केला तर तो सीटला शिव्या देईल आनि सुटंल. आता त्याच्या सीटमधी काय खोट नाय. आता तू बग."

पुढच्या रविवारी गाढेश्वरच्या रस्त्यावर मी जीव तोडून पायडल मारलं. चहाच्या टपरीवर माझा दुसरा कप चालू होता तेव्हा नचिकेत आला. सगळे बघत होते. सवयीनं त्याचा हात सीटकडे गेला, तिथंच थांबला आणि मग उगाच घाम पुसायला वर गेला. मला कसलं गार वाटलं म्हणून सांगू!

मी तशीच काकांकडे गेले. ते आजारी पडून खाटेवर होते. सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सीटला काय बोलला?"

"एक अक्षर नाही."

"मंग झाला," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

महिन्याभरात काका गेले. दहाव्याला नचिकेतही आला होता. माझ्याजवळ येऊन डोळे पुसत म्हणाला, "देवमाणूस होता हो. मी काय काय बोललो त्यांना, पण मनात काही ठेवलं नाही. किती मनापासून बसवून दिली मला सीट!"

मी म्हटलं, "हो ना." खरं सांगून मी काकांचा सूड थोडाच वाया घालवणार होते!