चलथाणच्या व्याह्यांचा टीव्ही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार म्हातारे रोज एका ओट्यावर बसले की ते धुळीसारखे आपोआप साचतात. नव्वदचं दशक संपता संपता सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या ओट्यावर एका टीव्हीचेच इतके साचले, की आठवून लोक अजून हसतात. मला मात्र अजून रागच येतो.

* * *

कापडाच्या लूम कारखान्यातले रामभाऊ पाटील आमच्या ओट्यावरचे. त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा साखरपुडा झाला आणि आठवड्याने चलथाणहून व्याही निंबाजीरावांचा निरोप आला. आम्हाला काही नको, फक्त मुलीच्या करमणुकीसाठी एक टीव्ही द्या, आणि तो फ्लॅट असावा!

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले सुरवाडे म्हणाले, "चला, म्हणजे नवऱ्याकडून करमणूक होणार नाही, हे त्यांनी आधीच कबूल केलं."

* * *

फ्लॅट म्हणजे काय, हे रामभाऊंनी मला विचारलं. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेलं. सांगितलं, की तीन प्रकार आहेत. एकाचे कोपरे चौकोनी, पण काच जराशी फुगीर. दुकानदार त्यालाही फ्लॅट म्हणतात. दुसऱ्याची काच खरोखर सपाट, मागचं धूड मात्र तेवढंच. तिसरा प्लाझ्मा, तसबिरीसारखा भिंतीवर टांगायचा. तो मी मासिकातच पाहिला होता. शेवटी सवयीने पुस्ती जोडली, की माझं चुकतही असेल.

रामभाऊंनी सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "सर, यातला कोणता दिला तर लग्न मोडणार नाही?"

* * *

रिंग रोडवर जयेशभाईंच्या टीव्हीच्या दुकानात मी पट्टी घेऊन गेलो. काचेला लावून फुगवटा मोजू लागलो. जयेशभाई म्हणाले, "साहेब, आ टीवी छे, प्लॉट नथी."

* * *

रामभाऊंनी चौकोनी कोपऱ्यांचा पसंत केला. त्यांच्या आवाक्यातला तोच होता. निंबाजीराव स्वतः बघायला आले. एक डोळा मिटून बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "याला पोट आहे."

सुरवाडे म्हणाले, "पोट तुम्हालाही आहे. तरी आम्ही मुलगी देतोच आहोत ना?"

निंबाजीराव हसले. मग पूर्ण सपाट काचेचा मागितला.

* * *

तोही रामभाऊंनी कबूल केला. तेवढ्यात बारडोलीच्या कोणा पाहुण्याने निंबाजीरावांच्या कानात प्लाझ्मा घातला, आणि तो मागायला ते पुन्हा हजर. या वेळी माझा तोल गेला. ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, अहो, तेवढ्या पैशांत रामभाऊंचं घर विकत येईल.

निंबाजीराव शांतपणे म्हणाले, "सर, किंमत आम्ही विचारलीच नाही."

* * *

ते गेल्यावर मी रामभाऊंना म्हटलं, मोडा हे लग्न.

रामभाऊ म्हणाले, "सर, तुमची मुलगी अमेरिकेत आहे."

त्यानंतर मी त्यांना सल्ला दिला नाही. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

* * *

अखेर प्लाझ्मा सुरतेत मिळेना, म्हणून निंबाजीराव सपाट काचेवर राजी झाले, जणू उपकारच केले. त्या रविवारी सगळे जयेशभाईंच्या दुकानात जमलो. सुनंदाही होती. कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायचं काम करायची. या सगळ्या काळात तिचं मत कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

टीव्ही लावून बघितला, आवाज बघितला, रंग बघितले. निंबाजीरावांनी मान डोलावली. जयेशभाईंनी विचारलं, बिल कोणाच्या नावाने करू?

"आमच्या मुलाच्या," निंबाजीराव म्हणाले.

"हो, त्यांच्याच नावाने करा," सुनंदा म्हणाली. "पैसेही तेच देतील." तिने बोटातली साखरपुड्याची अंगठी काढली आणि चालू टीव्हीवर ठेवली. "बाबा, चला. बस निघून जाईल."

दोघं बापलेक पायऱ्या उतरून गेले. टीव्हीवर कसलीशी जाहिरात चालू होती.

जयेशभाईंनी बिलावरचं पेन उचललं आणि निंबाजीरावांना अदबीने विचारलं, "शेठ, तो पॅक करी दउं?"