बिघाड आधी सांगणारे काका

माणसाला कान दोन आणि तोंड एकच देऊन निसर्गाने घोडचूक केली आहे, असं मनापासून मानणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. आमच्या कंपनीतले चाचणीवाले काका. त्यांच्या मते एक तोंड रोजचं बोलायला हवं होतं आणि दुसरं फक्त बिघाड सांगायला. निसर्गाने सोय केली नाही म्हणून काकांचं काही अडलं नाही. त्यांनी ती खिशात केली. शर्टाच्या डाव्या खिशात रोजच्या बोलण्याचा मोबाइल आणि उजव्या खिशात जुना, बटणांचा, फक्त अडचणीचा. या दुसऱ्या फोनवर ‘हॅलो’ म्हणायला बंदी होती. फोन लागला की पहिला शब्द अडचणीचाच पाहिजे. एकदा काकूंनी चुकून त्यावर कोथिंबीर आणायला सांगितली. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ह्यो अडचणीचा फोन हाय. त्या दुसऱ्यावर कर.” काकूंनी दुसऱ्यावर केला की नाही ते माहीत नाही. काका त्या संध्याकाळी कोथिंबिरीशिवाय घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी डब्याशिवाय कामावर आले, एवढं मी पाहिलं आहे.

काका मूळचे रावेतचे, जुन्या गावठाणातल्या शेतकरी घरातले. आसपास वीस-वीस मजले चढले, पण काकांच्या बोलण्यातलं ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ तळमजल्यावरून हललं नाही. उभा जन्म एका मोठ्या कारखान्यात, बहुतेक मेंटेनन्समध्ये, काढून ते निवृत्त झाले, आणि आमच्या शेठनी त्यांना उचलून चाकणला आणलं. गाड्यांच्या सुट्या भागांतून हवा गळते का हे तपासणारी यंत्रं आम्ही बनवतो. काकांनी पास केल्याशिवाय एकही यंत्र गेटबाहेर पडत नसे. साधं बोलणं मात्र काका साठवून ठेवत. सोमवारी विचारावं, “काका, चहा कसा झालाय?” काका नुसते बघत. आणि गुरुवारी वाटेत थांबवून एका दमात सांगत, “सोमवारचा च्या बरा व्हता. तुजी नवी चप्पल चांगली हाय. शेठच्या पोराचं लगीन ठरलं. डाळीत मीठ लई पडतंय.” की पुन्हा चार दिवस शांतता. बिघाडाची गोष्ट निराळी. खुद्द त्यांच्या लेकीच्या लग्नात दुसरं मंगलाष्टक संपून तिसरं सुरू होत होतं, तेवढ्यात वधूपिता कडाडला, “डावीकडचा खांब हलतोय!” भटजींचा सूर तुटला, व्याही पांढरे पडले, अक्षता भलत्याच वेळी पडल्या. खांबाची पाचर खरंच निसटली होती. तरी नातेवाईक अजून अपशकुन केला म्हणतात. काका म्हणतात, “खांब डोस्क्यात पडला असता, त्यो काय शकुन व्हता?”

प्रश्न विचारण्याचीही त्यांची एक तऱ्हा. प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत माणूस जागचा हलायचा नाही. एकदा वॉचमनला म्हणाले, “पुण्याची गाडी आली का रं?” वॉचमन सासुरवाडीशी फोनवर बोलत होता. मेव्हण्याच्या प्लॉटचं, मेव्हणीच्या बाळाच्या बारशाचं सगळं बोलणं होईपर्यंत काका हात मागे बांधून समोर उभे. गाडी मध्येच त्यांच्या पाठीमागून आत गेली, तरी हलले नाहीत. उत्तर मिळाल्यावर मला म्हणाले, “इचारलं तर ऐकून जावं. न्हाईतर इचारूच न्हाई.” आम्ही हसत होतो. काकांची टिंगल करणं हा आमच्या ऑफिसचा मधल्या सुट्टीतला आवडता उद्योग होता आणि त्यात मी पुढे असे, हे कबूल केलं पाहिजे.

मी पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने येणारी. वडील कामगार, आणि त्यांच्या ओव्हरटाइमवर शिकलेली मी आमच्या घरातली पहिली इंजिनिअर. माझ्या मुलीच्या जन्मानंतर मी तीन वर्षं घरी बसले होते. त्यानंतर ही नोकरी मिळाली, तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. काम माझ्या आवडीचं होतं. कारखान्यातल्या माणसाला चाचणीच्या पायऱ्या स्वतः लिहिता याव्यात म्हणून यंत्राच्या पोटात एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा बसवायची. ही भाषा संगणकावर असते तेव्हा कीबोर्डवरून ऐकते आणि पडद्यावर बोलते. यंत्रात ना कीबोर्ड ना तसला पडदा. तेव्हा तिचं ऐकायचं कुठून आणि बोलायचं कुठे, हे आपणच जोडून द्यावं लागतं. वाटा तीन असतात. एक ऐकण्याची, एक साध्या बोलण्याची आणि एक चुका सांगण्याची. ऐकण्याची वाट मी भागावरचा बारकोड वाचणाऱ्या स्कॅनरला जोडली. उरलेल्या दोन्ही मात्र यंत्राच्या इवल्याशा डिस्प्लेवर एकाच वाटेने नेऊन सोडल्या. डिस्प्ले हळू चाले, म्हणून येणाऱ्या ओळी थोड्या साठवून एकदम पाठवायची युक्तीही केली. कमी ओळींत काम झालं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

यंत्र चाकणच्याच एका कारखान्यात लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिफ्टमध्ये दोनदा-तीनदा मुकाट थांबू लागलं. डिस्प्लेवर एकच ओळ, ‘चाचणी सुरू’. बंद करून पुन्हा चालू केलं की साळसूदासारखं चालायचं. तीन दिवस मी त्याच्यासमोर बसून काढले. नेमकं मी समोर असताना ते थांबत नसे. चहाला किंवा जेवायला जाऊन यावं, तर थांबलेलं. तिथल्या मॅनेजरने शेठना कळवलं, शनिवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर यंत्र घेऊन जा. शेठ मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “मॅडम, मग आपण आपली जुनीच पद्धत ठेवू.” जुन्या पद्धतीला माझी गरज नव्हती. ते यंत्र ज्या टेम्पोतून परत आलं असतं, त्याच टेम्पोत माझी नोकरी बसून गेली असती. तेव्हा मी कुणाला दाखवलं नाही, पण पार घाबरले होते.

चौथ्या दिवशी काका माझ्याबरोबर आले. “पास आमीच केलं हाय,” एवढंच म्हणाले. यंत्राला कान लावून ते तासभर उभे राहिले आणि मग त्यांनी विचारलं, “ह्ये बोलतं कुटनं?” मी डिस्प्ले दाखवला. “आन दुखलं-खुपलं तर?” मी म्हटलं, “त्याच वाटेने, काका. आधीच्या ओळी गेल्या की मागोमाग जातं.” “आन तवर यंत्र बंद पडलं तर?” मी खरं ते सांगितलं. बंद पडलं, तर साठवलेलं सगळं पुसलं जात होतं. काका माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. “म्हंजी ते सांगत व्हतं, पोरी! रांगेत उभं ऱ्हाऊन सांगत व्हतं आन रांगेतच मरत व्हतं!”

मग तिथेच, लेथच्या आवाजात, त्यांनी सांगितलं. त्यांच्या कारखान्यात रोजचं काम रजिस्टरमध्ये लिहायची आणि सुपरवायझरने शिफ्ट संपताना सही करायची रीत होती. बिघाड मात्र आधी ओरडून सांगायचा, मग लिहायचा. एका नव्या ऑपरेटरला हे ठाऊक नव्हतं. बेअरिंग तापलंय, असं त्याने वळणदार अक्षरात रजिस्टरमध्ये लिहिलं आणि सही व्हायची वाट बघत बसला. सही व्हायच्या आत बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटून सुटला आणि शेजारच्या मशिनवरच्या माणसाची तीन बोटं गेली. “कोण होता तो ऑपरेटर?” मी विचारलं. “अक्षर चांगलं व्हतं माजं,” ते म्हणाले. इतके दिवस ज्याला हसत आले, ते सगळं एकदम आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

कॅन्टीनच्या टेबलावर बसून दुपारपर्यंत मी चुकांची वाट वेगळी केली. काही साठवायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. आधी भोंगा, लाल दिवा आणि डिस्प्लेवर चूक सांगणारी ओळ, मग बाकीचं जग. चहाची सुट्टी झाली. आम्ही कप हातात घेतो न घेतो तोच भोंगा वाजला. धावत गेलो. डिस्प्लेवर लिहिलं होतं, ‘ओळ सतरा : स्कॅनरकडून काहीच आलं नाही.’ आणि यंत्राशेजारी ऑपरेटर, हातात मोबाइल घेऊन, भोंग्याने दचकून उभा. यंत्राच्या अंगावर स्कॅनरसाठी असलेल्या सॉकेटातून त्याने स्कॅनर काढला होता आणि तिथे स्वतःचा फोन चार्जिंगला लावला होता. सुट्टी संपली की तो इमानदारीत स्कॅनर परत लावत असे. “मॅडम, पाचच टक्के बॅटरी राहिली होती ओ,” तो बिचारा म्हणाला. ज्याचं ऐकायचं तोच निघून गेला तर काय करायचं, हे मी त्या भाषेला शिकवलंच नव्हतं. ते शिकवायला पंधरा मिनिटं लागली. काकांनी यंत्रावर हात ठेवला. “बोललं बाबा. येळेवर बोललं,” ते म्हणाले.

यंत्र तिथेच राहिलं आणि मीही राहिले. नोकरी कायम झाल्याचं पत्र मिळालं तेव्हा गुडघ्यांनी काकांना घरी बसवलं होतं, म्हणून पत्र आणि पेढे घेऊन मी रावेतला गेले. काकांनी पत्र हातात घेतलं, पण वाचायच्या आधी विचारलं, “त्या चार्जरवाल्याला काडलं न्हाई ना गं कामावरनं?” मी म्हटलं, “नाही काका. त्याला वेगळा प्लग दिलाय भिंतीवर.” मग त्यांनी चष्मा लावला आणि पत्र अगदी शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. तुमच्यामुळे मी आज कामावर आहे, हे मी त्यांना तेव्हाच, तिथेच सांगून टाकलं. असं काही नंतरसाठी ठेवू नये, हेही त्यांच्याकडूनच शिकले.

आता चाचणीला नवा माणूस आहे. हुशार आहे, टापटीप आहे. यंत्रं जातात, चालतात, आणि मधूनच कुठल्या तरी कारखान्यातून ऐन कामाच्या वेळी फोन येतो, “मॅडम, तुमचं मशिन ओरडतंय.” ऑफिसात सगळ्यांचे चेहरे पडतात. मला मात्र आधी हायसं वाटतं, आणि मग काकांची फार आठवण येते.