आमची गच्ची, त्यांचा मीटर

"तुम्ही आकडे टाकून वीज चोरणारी माणसं. तुम्हाला मीटर कशाला हवाय?"

टॉवरचा सेक्रेटरी हे बोलला आणि क्लबहाउसमधली माणसं खी खी हसली. आम्ही पाचजण भिंतीला लागून उभे. समोर खुर्च्या रिकाम्या. बसा म्हणून कोणी म्हटलं नाही आणि आम्हीही बसलो नाही. त्याचा राग मला अजून येतो. त्यांच्यापेक्षा आमचा जास्त.

मुलुंडला आमची वस्ती होती. तिच्या जागेवर बिल्डरने त्यांचा टॉवर उभा केला आणि मागे आमची सात मजली बिल्डिंग. आमची लिफ्ट कायम बंद, कारण तिचं वीजबिल झेपत नाही. माझी आई सातव्या मजल्यावर, गुडघे गेलेले. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. म्हातारी लाजेने डोळे मिटून घेते.

म्हणून गच्चीवर सोलर लावायचं ठरवलं. सरकार अनुदान देतं. नेट मीटर बसला की उरलेली वीज ग्रिडमध्ये जाते, बिलातून तेवढी वजा होते. आमची लिफ्ट त्यावर आरामात चालेल.

टॉवरवाल्यांना कुणकुण लागली. गच्ची बघायला येतो म्हणाले. आम्हाला वाटलं, मदत करतायत. येडे आम्ही! कपड्यांच्या दोऱ्या आमच्या हाताने कापल्या, गच्ची धुतली, चहा-बिस्किटं मांडली. चहाला एकानेही हात लावला नाही. टेप लावून मापं घेतली आणि गेले. जयंतीला याच गच्चीवर निळे झेंडे लावले की यांच्या डोळ्यांत खुपतात. आता तीच गच्ची हवी!

मग हे क्लबहाउसमधलं बोलावणं. त्यांच्या गच्चीवर स्विमिंग पूल, तिथे जागा नाही. म्हणून पॅनल आमच्या डोक्यावर, मीटर त्यांच्या नावावर. आम्हाला काय? जिन्यातले दिवे फुकट.

"साहेब, तुम्ही म्हणाल तसं," आमचे चेअरमनकाका हात जोडून म्हणाले आणि त्यांनी पुढे केलेल्या करारावर सहीला वाकले.

ते जोडलेले हात बघून माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातलं पेन ओढून घेतलं.

"सही होणार नाही. गच्ची आमची, सोलर आमचं, मीटरपण आमच्याच नावाचा."

"ए बाई, तू गप्प बस," सेक्रेटरी म्हणाला. "मीटररूमची चावी माझ्याकडे आहे. बघतो कसा लावतेस."

"तू कोणाला म्हणतोस रे?"

पन्नाशीची बाई मी. असल्या माणसाला अरे म्हणायला इतकी वर्षं लागली. शरम वाटली ती त्या वर्षांची. काकांना दंडाला धरलं आणि बाहेर आले.

आमचा अर्ज आता मंजूर झालाय. उद्या सकाळी मीटर लावायला माणसं येणार. मीटररूम दोन्ही बिल्डिंगची, कुलूप मात्र त्याचं. चावी एकदाच मागणार, हात न जोडता. नाही दिली, तर कुलूप मी तोडणार. दिवसाढवळ्या, त्याच्या टॉवरच्या सगळ्या खिडक्यांसमोर. पोलिसांना बोलवायचं असेल तर आताच बोलवून ठेव म्हणावं.