परक्या मुलखाचा कायदा

श्रीपतराव येत्या पौर्णिमेला न्यायला येणार, असा निरोप सावली गावाहून आला आणि आमच्या कौशल्याताईच्या पायाला भिंगरी लागली. ती माझी थोरली बहीण. नवऱ्याने टाकल्यापासून बडोद्यात पाणीगेटला आमच्याकडेच राहायची आणि मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. चार वर्षं त्या गृहस्थाने साधी चिठ्ठी पाठवली नव्हती. सावलीला दुसरी बाई ठेवून मजेत होता. ती सोडून गेली, भाकऱ्या थापायला कोणी उरलं नाही, तेव्हा कुठे त्याला लग्नाची बायको आठवली. मला त्या आठवणीचा अजूनही संताप येतो.

आमचे आबा, जयसिंगराव, सरकारी फौजेतले शिलेदार. आता घरीच असायचे. त्यांना निरोपाने आनंद झाला. मुलगी सासरी नांदली म्हणजे बापाचं काम संपलं, एवढंच त्यांना कळायचं. मध्यस्थी केली होती शेजारच्या भास्करराव वकिलांनी. ताईने त्यांनाच गाठलं.

"काका, मला यातून सुटता येणार नाही का?"

"हिंदूंचं लग्न सुटत नाही, कौशल्या," ते मायेनेच म्हणाले. "सारं आयुष्य कायद्यात गेलं माझं. उगाच आशा लावून घेऊ नकोस."

ऐकून गप्प बसेल ती ताई कसली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मला ओढत ती मांडवीच्या लायब्ररीत घेऊन गेली. महाराजांनी ती सगळ्यांना मोफत उघडी केली होती, बायकांना बसायला वेगळी खोलीही होती. पण आम्ही तिथून आजवर गोष्टींची पुस्तकंच आणलेली. कायदा शोधायचा तर सुरुवात कुठून करतात, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. ताईने हिंदू कायद्याचा सगळ्यांत जाड ग्रंथ मागितला आणि पोथी लावावी तशी पहिल्या पानापासून वाचायला लागली. आधी दत्तकाची पानंच्या पानं, मग वाटणीची. दोन पानं झाली की उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, खुर्ची खरकन ओढायची. बाकीच्या बायका वैतागून आमच्याकडे बघायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी त्या खोलीचा कारभार पाहणाऱ्या निरुपमाबेन उठून आल्या.

"बेन, आवी चोपडी कोई आखी न वांचे," त्या हळूच म्हणाल्या. "पाछळ सूची छे, त्यां जुओ."

असलं पुस्तक सबंध वाचायचं नसतं, मागची सूची पाहून हव्या त्या पानावर जायचं असतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. ताईने सूचीत विवाह पाहिला, त्याग पाहिला, पोटगी पाहिली. भास्करराव बोलले तेच सगळीकडे छापलेलं होतं. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि न जेवता अंगणात येरझारा घालत राहिली. पौर्णिमा आठवड्यावर आली होती.

रविवारी आबा आम्हाला घेऊन कॅम्पात, इंग्रजांच्या छावणीत गेले. जावयाला धोतरजोडी घ्यायची होती आणि त्यांना कॅम्पातल्याच दुकानाची हवी होती. हद्द आली तसे आबा नेहमीप्रमाणे कुरकुरले, "इथून पुढे इंग्रजांचा अंमल. आपल्या सरकारचा हुकूम इथे चालत नाही."

ताई भर रस्त्यात थांबली. मागचा टांगेवाला ओरडला तरी हलेना.

"आबा, मग त्यांचा हुकूम आपल्याकडे चालतो?"

"त्यांची काय बिशाद," आबा म्हणाले.

सोमवारी तिने तो जाड ग्रंथ पुन्हा मागवला आणि या वेळी आधी मुखपृष्ठाच्या आतलं पान पाहिलं. छापलेला मुंबईत, कायदा इंग्रजी मुलखातला. भास्कररावांची सगळी वकिली कॅम्पातल्या कोर्टातली, त्यांची कपाटंही याच पुस्तकांनी भरलेली. ते खोटं बोलले नव्हते. पण राहायचं गायकवाडीत आणि रडायचं परक्या मुलखाचा कायदा वाचून, असा वेडेपणा आम्हा बडोदेकरांनाच जमावा.

आता ताईने निरुपमाबेनना नीट प्रश्न सांगितला. बडोदे राज्यात, नवऱ्याने टाकलेल्या हिंदू बाईला काडीमोड मिळतो का? त्यांनी राज्याच्या कायद्यांचे खंड आणि सरकारी हुकूम छापणाऱ्या आज्ञापत्रिकेच्या फायली आणून ठेवल्या. सगळं गुजरातीत, पण ते आमच्या अंगवळणी पडलेलं. काडीमोडाचा कायदा थोड्याच वर्षांपूर्वीचा निघाला. नवऱ्याने वाजवी कारणाशिवाय तीन वर्षांहून जास्त टाकलं असेल तर बायकोला कोर्टात जाता येतं, असं त्यात होतं. ताईने ते कलम मला मोठ्याने वाचायला लावलं. मला रडू आलं. तिला नाही, ती लगेच पुढच्या फायली ओढून बसली, मागाहून कोणी त्यात फिरवाफिरव केली असेल तर, म्हणून. तशी काही सापडली नाही.

पण "टाकलं" म्हणजे काय, ते कोण ठरवणार? निरुपमाबेननी कायद्यावरचा एक इंग्रजी टीकाग्रंथ काढला, शब्दाचा अर्थ लावताना आपली कोर्टंही तो बघतात म्हणाल्या, आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. टाकल्याचा पुरावा दुसऱ्यांच्या तोंडून यावा लागतो. आणि नवराबायको पुन्हा एकत्र राहिली, तर मागचं माफ केलं असंही धरलं जाऊ शकतं. ताईचा चेहरा उतरला. घरात जावयासाठी गादी उन्हात घातलेली होती.

"आबा, त्यांना मुक्कामाला ठेवू नका," घरी येताच कायदा, कोर्ट, साक्षीदार सगळं सांगून ती म्हणाली. "एक रात्र ते माझे नवरे म्हणून इथे राहिले, तर माझी चार वर्षं पाण्यात जातील."

"जावई दारात आला तर त्याच्या पायावर पाणी घालायचं नाही? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. नांदायला जायचं मला आहे, लोकांना नाही."

आबा पागोटं घालून बाहेर निघून गेले. त्यानंतर पौर्णिमेपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि ताईच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

श्रीपतराव सकाळीच आला, वळकटी घेऊन, भास्कररावांबरोबर. आबा पाण्याची घागर घेऊन ओट्यावर उभे होते. ताई उंबऱ्यात येऊन थांबली. शेजारपाजारचे बघायला जमलेच होते.

"या घरी शेवटचे कधी आला होतात?" तिने विचारलं.

त्याला वाटलं ती रुसून बोलते आहे. "चार वर्षं झाली की," तो हसत म्हणाला.

"माझ्या हातून काय चुकलं होतं?"

"तुझ्या हातून काय चुकायचंय? माझं मन उडालं, मी गेलो. पुरुषाने ते कोणाला विचारायचं असतं होय? आता परत आलो ना, चल, आवर."

आबांनी हातातली घागर खाली ठेवली. आयुष्यात प्रथमच ते जावयाकडे सरळ नजरेने बघत होते.

"भास्करराव, ऐकलंत ना?" ते म्हणाले. "कोर्टात सांगावं लागेल. साक्षीदारांत पहिलं नाव माझं घाला."